घरच्या सर्व्हरवर नास व्हीएममध्ये चालवावा का? आधी डिस्क कुणाच्या ताब्यात ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरातच स्टुडिओ आहे, लग्नसराईत दर आठवड्याला शे-दोनशे जीबी फोटो-व्हिडिओ येऊन पडतात. एका ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा आय-५ टॉवर तुम्ही घेतलाय. त्यात ३२ जीबी रॅम, २५० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि ४ टीबीच्या ४ हार्डडिस्क आहेत. त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टिम) चालू आहे, होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवायला) आणि जेलीफिन (व्हिडिओ बघायला) त्यात व्यवस्थित बसलेत. आता ट्रूनास, म्हणजे नास (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारं स्टोरेज) चालवणारी सिस्टिम, त्याच मशीनवर व्हीएम म्हणून टाकायचा, की नाससाठी वेगळं मशीन घ्यायचं, एवढाच निर्णय राहिलाय. सल्ला विचारला की निम्मे जण म्हणतात स्टोरेजला व्हर्च्युअलायझेशनचं वारंसुद्धा लागू देऊ नका. उरलेले म्हणतात आमचं कधीपासून चाललंय, काही होत नाही.

दोघंही आपापल्या अनुभवाचं खरं सांगतायत. 'नास व्हीएममध्ये चालवतो' या एका वाक्यामागे तीन-चार अगदी वेगळ्या जोडण्या असतात. मी इथं छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो: उद्यमनगरातल्या वर्कशॉपची ड्रॉइंग, मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचा टॅली, दवाखान्यांचे एक्स-रे. त्या जोडण्यांपैकी एकीवर मी ग्राहकाचा डेटा बिनधास्त ठेवतो. आणि एक अशी आहे की ती दिसली की आधी बॅकअप काढून घेतो, मग पुढचं बोलतो. म्हणून व्हीएम की वेगळं मशीन हे जरा बाजूला ठेवा आणि आधी हे ठरवा की तुमच्या चार डिस्क नक्की कुणाच्या ताब्यात असणार. प्रॉक्समॉक्सच्या की ट्रूनासच्या? कुणाच्याही असोत, मालक एकच हवा.

हे इतकं का ताणून सांगतोय, ते कळायला झेडएफएस (डिस्कवर फाइली मांडणारी फाइल सिस्टिम) लिहितं कसं ते थोडं बघावं लागेल, कारण ट्रूनास म्हणजे आतून झेडएफएसच. ते जुन्या डेटावर नवा डेटा कधीच लिहीत नाही. नव्या मोकळ्या जागी लिहितं, साधारण दर ५ सेकंदांनी साठलेलं सगळं डिस्कवर उतरवतं, डिस्कला 'तुझ्या कॅशमधलं सगळं खाली लिही' असा हुकूम देतं आणि डिस्कने 'लिहिलं' म्हटल्यावरच पूल (अनेक डिस्क मिळून केलेला एक साठा) कुठून वाचायचा याची नोंद पुढे सरकवतं. त्यामुळं ऐन कॉपी चालू असताना लाईट गेली तरी पूल शाबूत राहतो, फार तर शेवटचे काही सेकंद जातात. पण हा सगळा भरवसा त्या 'लिहिलं' या एका उत्तरावर उभा आहे. झेडएफएस आणि डिस्क यांच्यामध्ये कुणी तिसरा बसला आणि डिस्कवर काही पोचायच्या आधीच तो 'लिहिलं' म्हणायला लागला, तर झेडएफएसला ते कळायचा मार्ग नाही. हा तिसरा कधी जुनं रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र बांधणारं) कार्ड असतं, कधी स्वस्तातला यूएसबी डॉक, तर कधी चुकीच्या कॅश मोडवर ठेवलेली व्हर्च्युअल डिस्क.

पहिली जोडणी हीच, व्हर्च्युअल डिस्कची. प्रॉक्समॉक्समध्ये बटण दाबून ३ टीबीची डिस्क तयार केली आणि ट्रूनासला दिली. चालतं, दिसायला सगळं नीट दिसतं. पण ट्रूनासला खरी डिस्क दिसतच नाही. सीरियल नंबर खोटा असतो, स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) मिळत नाही, डिस्क मरायला टेकली तरी आत सगळं ठणठणीत. खाली होस्टवर (म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या मूळ मशीनवर) झेडएफएस आणि वर व्हीएममध्येही झेडएफएस असेल तर एकच फोटो लिहायला दुप्पट-तिप्पट लिखाण होतं. कुणी वेग वाढावा म्हणून कॅश 'अनसेफ' वर ठेवली तर खाली लिहिण्याचा तो हुकूमच गाळला जातो. ट्रूनास शिकायला, बटणं दाबून बघायला ही जोडणी उत्तम. लोकांच्या लग्नाचे फोटो हिच्यावर नकोत.

दुसरी जोडणी सगळ्यात फसवी आहे, आणि नेमकी तीच व्हिडिओंमध्ये सर्रास दाखवतात. प्रॉक्समॉक्सच्या शेलमध्ये एक कमांड देऊन प्रत्येक डिस्क तिच्या आयडीने व्हीएमला जोडायची. याला लोक 'डिस्क पासथ्रू' म्हणतात. नाव पासथ्रू असलं तरी डिस्क होस्टच्याच ताब्यात राहते आणि होस्ट तिच्यावरचं लिखाण-वाचन व्हीएमपर्यंत पोचवत असतो. स्मार्ट इथंही आत दिसत नाही. शिवाय प्रॉक्समॉक्सचा रात्रीचा बॅकअप लावताना त्या डिस्कवरची बॅकअपची खूण काढली नाही, तर तो अख्खी ४ टीबीची डिस्क कॉपी करायला बसतो. पण हे सगळं परवडलं, कारण खरा धोका पुढं आहे.

शहरातल्याच एका छोट्या ऑफिसात अशीच जोडणी होती. एका सकाळी नासचं वेब पान उघडेना. झालं होतं एवढंच की आदल्या दिवशी राउटर बदलला होता आणि व्हीएमला नवीन आयपी मिळाला होता. व्हीएम आत मजेत चालू होती. तिथल्या मुलाला वाटलं ट्रूनास बसला. लोक खोळंबलेले, ड्रॉइंग हवी होती, म्हणून त्याने होस्टच्या शेलमध्ये 'झेडपूल इम्पोर्ट' (पूल शोधून उघडायची कमांड) टाकून बघितलं. पूल दिसला. सोबत इशाराही आला की हा पूल दुसऱ्या सिस्टिमने वापरलेला आहे, तरी घ्यायचा असेल तर 'एफ' लावा. त्याने लावला. फोल्डर दिसले, फाइली उघडल्या, लोक कामाला लागले. आणि आत व्हीएमसुद्धा तोच पूल उघडून बसलेली. एकाच वहीत दोन कारकून एकमेकांकडे न बघता, आपापल्या डोक्यातल्या शिलकेवरून नोंदी घालायला लागले तर जे होईल तेच झालं. एकाला जी जागा मोकळी वाटत होती तिथं दुसऱ्याने आत्ताच लिहिलेलं होतं. दुपारपासून चेकसमच्या (डेटा बिघडलाय का ते दाखवणाऱ्या पडताळणीच्या) चुका दिसायला लागल्या, कुणीतरी मशीन रीस्टार्ट केलं, आणि त्यानंतर पूल उघडेनाच.

मला बोलावलं ते त्यानंतर. झेडएफएसमध्ये डिस्क तपासून पूर्ववत करणारं जुन्या पद्धतीचं दुरुस्तीचं हत्यार नसतं, कारण ते नीट वापरलं तर त्याची गरजच पडू नये अशी त्याची रचना आहे. मागच्या एका नोंदीवर परत जाऊन पूल रीड-ओन्ली उघडला, जेवढं वाचता आलं तेवढं बाहेर काढलं आणि बाकीचं त्यांच्या यूएसबी डिस्कवरच्या कॉपीतून आणलं. कॉपी होती म्हणून निभावलं. त्या मुलाला मी फार बोल लावत नाही. घाईच्या वेळी, समोर लोक उभे असताना, माणूस तेच करतो. दोष जोडणीचा होता, कारण ओळीच्या शेवटी एक अक्षर लावून दोन मालक एकाच पूलवर बसवता येत होते. झेडएफएसमध्ये याला अडवणारी 'मल्टिहोस्ट' नावाची सोय आहे, पण ती आपोआप चालू नसते, आणि ही जोडणी करणाऱ्यांपैकी फार थोडे ती चालू करतात.

आता तिसरी, जिच्यावर माझा भरवसा आहे. डिस्क एकेक करून न देता त्या ज्या कंट्रोलरला लागल्यात तो अख्खा कंट्रोलरच व्हीएमच्या हवाली करायचा. मग होस्टला त्या डिस्क दिसतच नाहीत. ट्रूनासला खरी डिस्क, खरा सीरियल नंबर, खरं तापमान, खरा स्मार्ट अहवाल सगळं मिळतं, आणि 'खाली लिही' हा हुकूम मध्ये कुणाच्या हातात न पडता थेट डिस्कपर्यंत जातो. होस्टच्या शेलमध्ये कुणी कितीही घाईत काहीही टाइप केलं तरी त्याच्यापुढं तो पूल येतच नाही.

तुमच्या मशीनवर हे जमेल का, हे बोर्डावर अवलंबून आहे आणि मशीन न बघता मी हो म्हणणार नाही. तपासायचं असं. बायोसमध्ये व्हीटी-डी (उपकरण थेट व्हीएमला देण्याची सोय) चालू करा. तिथंच सटाचा (हार्डडिस्क ज्याला लागतात त्या जोडणीचा) मोड बघा. ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड मशीनवर तो बऱ्याचदा रेडवर ठेवलेला असतो, तो एएचसीआय (रेडशिवायचा साधा मोड) हवा. मग प्रॉक्समॉक्समध्ये आयओएमएमयूचे ग्रुप (कुठली उपकरणं व्हीएमला एकत्रच द्यावी लागतात त्याची वाटणी) बघा. तुमच्या पिढीच्या इंटेल बोर्डांवर सटा कंट्रोलर ००:१७.० या पत्त्यावर दिसतो. तो आपल्या ग्रुपमध्ये एकटा असेल तर काम सोपं आहे. प्रॉक्समॉक्स तुमच्या एनव्हीएमईवर आहे, त्यामुळं सटा कंट्रोलर पूर्ण देऊन टाकला तरी होस्टचं काही अडत नाही. हीच जुळणी नसल्यामुळं पुष्कळ जणांचं घोडं अडतं, तुमच्याकडं ती आयतीच आहे.

कंट्रोलरच्या ग्रुपमध्ये आणखी काही उपकरणं असतील तर मात्र ती सगळी एकत्रच द्यावी लागतात, आणि त्यात होस्टला लागणारं काही असेल तर विषय संपला. यावर 'एसीएस ओव्हरराइड' नावाचा तोडगा सुचवतील. त्याने ग्रुप कागदावर वेगळे होतात, पण प्रत्यक्षात हार्डवेअरमध्ये ती भिंत आहेच याची खात्री त्यातून मिळत नाही. ग्राफिक्स कार्डावर गेम खेळायला ठीक आहे. डेटाच्या डिस्कसाठी मी ते वापरत नाही. त्यापेक्षा एचबीए, म्हणजे डिस्क जोडायचं वेगळं कंट्रोलर कार्ड, घ्या. एलएसआय ९२११-८आय किंवा ९२०७-८आय ही जुनी सर्व्हरमधून निघालेली कार्डं यासाठी वर्षानुवर्षं वापरात आहेत. घेताना दोनच गोष्टी बघा: त्यावर आयटी मोडचं फर्मवेअर हवं, म्हणजे ते रेडच्या भानगडीत न पडता डिस्क आहे तशी पुढं देतं. आणि एका टोकाला मिनी-सॅस, दुसऱ्या टोकाला चार सटा अशी केबल सोबत हवी. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली आहेत, टॉवरच्या कोपऱ्यात त्यांना वारा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीत कार्डाच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) बोट लावून बघा, ठेवता येत नाही. एक छोटा पंखा त्याच्यावर बसवाच. आणि चार डिस्कना वीज देण्यासाठी स्प्लिटर लागणार असेल तर प्लॅस्टिक ओतून बंद केलेला मोल्डेड प्रकार टाळा, ते आतून वितळल्याची उदाहरणं आहेत. तारा दाबून बसवलेला, मागून उघडणारा घ्या.

होस्ट सुरू होतानाच कंट्रोलर व्हीएफआयओ (उपकरण व्हीएमसाठी राखून ठेवणाऱ्या) ड्रायव्हरला बांधून टाका, म्हणजे त्याच्या आधी एएचसीआय ड्रायव्हर त्याला पकडणार नाही. हे केलं नाही तर सुरू होताना थोडा वेळ डिस्क होस्टला दिसतात, आणि आपल्याला तोच थोडा वेळ नकोय. व्हीएमची रॅम एकदा दिली की दिली. पासथ्रू असलेल्या व्हीएमची सगळी रॅम सुरू होतानाच अडकवली जाते, कमी-जास्त करायची सोय चालत नाही. तुमच्या ३२ मधून ट्रूनासला १६, होम असिस्टंटला ४, जेलीफिनला ४, उरलेली होस्टला. एवढ्यात मजेत भागतं. चार डिस्कचे दोन मिरर (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा) करा, ८ टीबी मिळतील. एक डिस्क गेली तर फक्त तिच्या जोडीदारावरून भरून निघते, आणि पुढं जागा वाढवायची झाली तर दोनच डिस्क बदलून भागतं.

चौथा मार्ग उलटा आहे आणि त्याच्याबद्दल लोक पुरेसं बोलत नाहीत असं मला मनापासून वाटतं. डिस्क प्रॉक्समॉक्सच्याच ताब्यात ठेवायच्या. प्रॉक्समॉक्सला झेडएफएस मुळातच येतं. पूल होस्टवर तयार करा, एका एलएक्ससी कंटेनरमध्ये (व्हीएमपेक्षा हलका वेगळा कप्पा) सांबा (विंडोजला फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) टाका आणि होस्टवरचा फोल्डर त्या कंटेनरला बाइंड माउंटने द्या. मालक पुन्हा एकच, होस्ट. पासथ्रूची गरज नाही, आयओएमएमयूची कटकट नाही, रॅम अडकत नाही, आणि जेलीफिनला तोच फोल्डर नेटवर्कवरून न जाता थेट मिळतो. प्रॉक्समॉक्स ज्या डेबियनवर उभा आहे त्याच्या पद्धतीप्रमाणे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) आपोआप होतो. स्नॅपशॉटसाठी (डेटा त्या क्षणी होता तसा जपायला) सॅनॉइड टाकलं की ते कामही मार्गी लागतं.

इथं अडतं ते परवानग्यांपाशी. अनप्रिव्हिलेज्ड (होस्टवर मर्यादित अधिकार असलेल्या) कंटेनरमधला १००० नंबरचा युजर होस्टवर १०१००० म्हणून दिसतो. हे माहीत नसेल तर विंडोजवरून फोल्डर उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, आणि माणूस वैतागून सगळ्या फोल्डरना ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊन मोकळा होतो. तसं करू नका. होस्टवर त्या फोल्डरची मालकी १०१००० ला दिली की प्रश्न मिटतो. दुसरं म्हणजे प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नवीन इन्स्टॉलमध्ये झेडएफएसच्या कॅशला रॅमच्या १० टक्क्यांची मर्यादा घातलेली असते. तुमच्याकडं ती ३ जीबीच्या आसपास येईल. ८ जीबीपर्यंत वाढवा, फोटोंचे थंबनेल उघडताना फरक जाणवतो. आणि डिस्क खराब झाली तर ईमेल येईल याची सोय स्वतः करून, एकदा चाचणीचा ईमेल पाठवून बघा. ट्रूनासमध्ये हे सगळं एका पानावर मिळतं, इथं हाताने करावं लागतं. कमांड लाइनची भीती नसेल तर हा मार्ग ट्रूनासपेक्षा कमी गुंतागुंतीचा आहे. भीती असेल तर कंट्रोलर देऊन ट्रूनास बरा, कारण सहा महिन्यांनी आपणच लिहिलेलं काय होतं ते आठवत नाही.

आता लाईट. आपल्याकडं जून ते सप्टेंबर लाईट जाणार हे धरूनच चालावं लागतं, आणि व्हर्च्युअलायझेशनमध्ये लाईटचा प्रश्न एका मशीनपुरता न राहता एकावर एक दोन मशीन नीट बंद करायचा होतो. पुष्कळ घरी सर्व्हर इन्व्हर्टरवर टाकलेला असतो. एक तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर बॅटरीवर जाताना मधे जो क्षण लागतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर सेकंदाच्या जेमतेम साठाव्या भागाएवढाच तग धरतो. आणि दुसरं, त्याहून महत्त्वाचं: बॅटरी संपत आली हे घरगुती इन्व्हर्टर सर्व्हरला सांगू शकत नाही. चार तास लाईट नाही, घरचे झोपलेत, बॅटरी उतरली आणि सगळं एकदम बंद. म्हणून इन्व्हर्टर असला तरी त्याच्या पुढं यूएसबी केबल असलेला एक छोटा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावा.

ती यूएसबी केबल होस्टला जोडा, ट्रूनासच्या व्हीएमला नको. व्हीएमला जोडली तर ट्रूनास स्वतः नीट बंद होईल, पण होस्टला काहीच कळणार नाही. होस्टवर नट (यूपीएसशी बोलणारं सॉफ्टवेअर) टाका. यूपीएसने बॅटरी कमी झाल्याचं सांगितलं की होस्ट एकेक व्हीएम बंद करेल आणि शेवटी स्वतः बंद होईल. व्हीएम बंद होण्यासाठी प्रॉक्समॉक्स साधारण तीन मिनिटं थांबतो आणि मग तिला जबरदस्तीने मारतो, तेव्हा यूपीएस त्याहून जास्त वेळ टिकतो का ते बघा. बघा म्हणजे खरोखर बटण बंद करून, हातात घड्याळ घेऊन. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच.

सुरू होण्याचा क्रमही ठरवावा लागतो. नास आधी, मग दीडेक मिनिट थांबून जेलीफिन आणि बाकीचे. बंद होताना प्रॉक्समॉक्स हाच क्रम उलटा चालवतो, म्हणजे नास शेवटी बंद होतो, आपल्याला तेच हवंय. एक पथ्य पाळा: होम असिस्टंटच्या किंवा दुसऱ्या कुठल्या व्हीएमच्या डिस्क त्याच ट्रूनासच्या शेअरवर ठेवू नका. होस्ट त्या शेअरची वाट बघतो, शेअर देणारी व्हीएम होस्टची वाट बघते, आणि लाईट आल्यावर घरातलं काहीच सुरू होत नाही. व्हीएम एनव्हीएमईवर, डेटा हार्डडिस्कवर.

मग वेगळं मशीन? काही जणांना मी तेच सांगतो. ज्याला प्रॉक्समॉक्सवर रोज काहीतरी करून बघायची हौस आहे, आज कर्नल बदल, उद्या ग्राफिक्स कार्ड लाव, त्याचा होस्ट वारंवार रीस्टार्ट होतो आणि त्याच्याबरोबर घरच्यांचे फोटोही गायब होतात. तुम्ही पुण्याला शूटला गेलात आणि इथं बहिणीला अल्बमच्या फाइली हव्या आहेत, तेव्हा तिने फोनवर तुमच्या सांगण्यावरून काय करायचं? वेगळ्या नासवर 'बटण दाब आणि पाच मिनिटं थांब' एवढंच सांगावं लागतं. व्हीएममध्ये आधी प्रॉक्समॉक्सचं पान, मग लॉगिन, मग कुठली व्हीएम चालू, कुठली बंद. घरात तुमच्याशिवाय हे कोण करणार, हा प्रश्न तुम्हालाच सोडवायचा आहे. वेगळ्या मशीनच्या विजेचा हिशोब फार मोठा नाही. ३० वॉट खाणारं मशीन चोवीस तास चाललं तर दिवसाला पाऊण युनिटच्या आत, महिन्याला २२ युनिटच्या आसपास. तुमच्या बिलाच्या स्लॅबचा दर लावून बघा.

पण तुमच्यापुरतं माझं मत वेगळं आहे. तुमच्याकडं दुसऱ्या मशीनचे पैसे असतील तर ते मशीन नास म्हणून वापरू नका, बॅकअप म्हणून वापरा, आणि ते या घरात ठेवू नका. व्हीएममधला नीट लावलेला नास आणि दुसरीकडं त्याची कॉपी, ही जोडणी एकट्या वेगळ्या नासपेक्षा कितीतरी भक्कम आहे. मिरर असला, ट्रूनास असला, खरं लोखंडी मशीन असलं तरी चोरी, शॉर्टसर्किट, रॅन्समवेअर आणि पाणी यांच्यापुढं ते एकच मशीन असतं. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपवरही विसंबू नका. कंट्रोलर पासथ्रू केला की त्याच्यावरच्या डिस्क त्या बॅकअपमध्ये येतच नाहीत, फक्त ट्रूनासची छोटी बूट डिस्क येते. लोकांना वाटतं रात्री तीन वाजता सगळ्याचा बॅकअप होतोय.

दुसरी जागा निवडताना नकाशा बघा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपण दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं, शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क भागांत घराघरांत शिरलं होतं आणि शिरोलीजवळ हायवे बंद होता. काही जण हौसेने दुसरी कॉपी सांगलीला मामाकडं ठेवतात. त्याच दोन्ही वर्षी कृष्णेचं पाणीही सांगलीत होतं. एकाच पावसाने दोन्ही कॉपी जाऊ शकतात ती दुसरी कॉपी म्हणता येत नाही. पुण्यात किंवा बेळगावात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं उंचावरच्या मजल्यावर एक जुना पीसी आणि दोन डिस्क ठेवा. पहिली पूर्ण कॉपी इथंच घरच्या नेटवर्कवर करा, गिगाबिटवर २०० जीबी अर्ध्या तासात जातात. नंतरचं रोजचं वायरगार्ड या व्हीपीएनवरून, झेडएफएसच्या सेंड-रिसीव्हने, जेवढं बदललं तेवढंच जाईल. ५० एमबीपीएस अपलोड असेल तर २०० जीबीला नऊ तास लागतात, म्हणजे एका लग्नाचं काम एका रात्रीत पोचतं. डेटासेट (पूलमधला विभाग) एन्क्रिप्ट केलेला ठेवला तर रॉ सेंड (एन्क्रिप्ट आहे तसंच पाठवणं) वापरा, म्हणजे पलीकडच्या मशीनला किल्ली द्यावी लागत नाही. हे दुसऱ्यांच्या घरचे फोटो आहेत, ते आपण कुणाच्याही घरात उघडे ठेवू नयेत.

तेव्हा तुमच्या मशीनसाठी माझा क्रम असा. ग्रुप मोकळा असेल तर बोर्डावरचा सटा कंट्रोलर पूर्ण ट्रूनासला द्या. मोकळा नसेल आणि कमांड लाइनची सवय असेल तर डिस्क प्रॉक्समॉक्सकडंच ठेवून सांबा कंटेनरमध्ये टाका. सवय नसेल तर एचबीए घ्या. डिस्क आयडीने एकेक करून देऊ नका, तात्पुरत्यासुद्धा नको.

आणि खरे फोटो टाकायच्या आधी ही एक परीक्षा घ्या, मी प्रत्येक ठिकाणी घेतो. पूलवर दहा-वीस जीबी टाका, ट्रूनासमधून पूल एक्स्पोर्ट करा (म्हणजे ट्रूनास तो नीट सोडून देईल), मशीन बंद करा. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून तेच मशीन सुरू करा, झेडएफएसची साधनं टाका आणि पूल रीड-ओन्ली उघडून फाइली दिसतात का ते बघा. दिसल्या तर उद्या हा बोर्ड जळला, प्रॉक्समॉक्स नीट चालेना, ट्रूनासचा कंटाळा आला, काहीही झालं तरी त्या चार डिस्क उचलून दुसऱ्या कुठल्याही पीसीला लावल्या की फोटो तुमच्या हातात आहेत. याच कारणासाठी ट्रूनास 'पूल अपग्रेड करा' म्हणून सुचवत राहील ते लगेच दाबू नका. नवीन वैशिष्ट्यं एकदा चालू झाली की जुन्या आवृत्तीवर पूल उघडेलच असं नाही.

आयओएमएमयू ग्रुपची यादी काढून टाका, मशीनचा मॉडेल नंबरही लिहा. ००:१७.० बरोबर त्या ग्रुपमध्ये आणखी काय बसलंय ते बघून पुढचं नक्की सांगतो. तोवर डिस्कवर जे आहे त्याची एक कॉपी यूएसबी डिस्कवर काढून कपाटात ठेवा.